दहा जोर

हुशार माणसं मूर्खपणासुद्धा मन लावून करतात, हे वेंडेल स्ट्राउडला ऑल्डब्रुक विद्यापीठात आल्यावर कळलं. तोवरचं त्याचं सगळं आयुष्य टेक्सासात पोरांना अमेरिकन फुटबॉल शिकवण्यात गेलं होतं. तिथली पोरं रेड्यासारखी दांडगी, अभ्यासाच्या नावाने मात्र आनंदीआनंद. इथे उलटी गंगा. इथे पाऊल ठेवायचं तर डोकं लखलखीत हवं, आणि फुटबॉलवाल्यांनाही त्यातून सूट नाही. बचाव फळीतला एक दांडगोबा आठवडाभर प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी तपासायचा आणि शनिवारी आपलाच मेंदू समोरच्याच्या हेल्मेटवर आपटायचा. यात काही विसंगत आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

संघात एक जुनी रीत होती. कोचची चूक खेळाडूने पकडली, की कोचने जागच्या जागी दहा जोर काढायचे. स्ट्राउडला वाटलं, असेल वर्षातून एकदाची गंमत. पण ही पोरं चुका पकडायलाच जन्माला आली होती. त्यात सगळ्यात तरबेज बेकेट प्रुइट. तो संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. सगळा खेळ त्याच्या हातून सुरू व्हायचा. शिवाय गणिताचा विद्यार्थी. स्ट्राउडने अंतर चुकीचं सांगितलं, गुणांची बेरीज चुकवली, की हा बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता म्हणायचा, "कोच, जोर." पन्नाशीच्या स्ट्राउडचे दंड त्या हंगामात चांगले भरले.

तर ऑगस्टमधली गोष्ट. सराव सुरू होण्याआधी प्रत्येकाच्या डोक्याची चाचणी झाली. पाच शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे, आकडे उलटे म्हणायला लावायचे, एका पायावर उभं करायचं. पुढे सामन्यात कुणाच्या डोक्याला मार बसला, की डॉक्टर पुन्हा तीच चाचणी घेणार आणि ऑगस्टच्या गुणांशी ताडून बघणार. गुण घसरले तर खेळाडू बाहेर.

निकाल आधी स्ट्राउडच्या हातात आले. देशातली निवडक डोकी, आणि गुण बघावेत तर एकजात ढ.

"काय रे," त्याने प्रुइटला गाठून विचारलं, "पाचातले दोनच शब्द आठवले?"

"सकाळी सातला मी हुशार नसतो, कोच."

बाकीचे खिदळले. स्ट्राउडला एका क्षणात सगळं कळलं. आत्ताच ढ ठरलं, की नंतर कितीही मार बसो, घसरायला जागाच उरत नाही. त्याने चाचणी परत घ्यायला सांगायला हवं होतं. पण नवी नोकरी, नवा संघ, सराव तोंडावर आलेला. पहिल्याच आठवड्यात पोरांशी वाकडं कोण घेणार? तो हसला आणि निकालांवर सही करून मोकळा झाला.

त्याच संध्याकाळी प्रुइटची आई मुलाला भेटायला आली. बारीक चणीची बाई. जाताना तिने टाचा उंचावून मुलाच्या केसांतून हात फिरवला आणि स्ट्राउडला म्हणाली, "हे डोकं तुम्हाला उसनं देतेय, कोच. जसं देतेय तसं परत हवं."

"काळजी करू नका," तो म्हणाला, आणि भीती पोटात शिरली ती तेव्हाच. हंगामभर ती तिथून हलली नाही. दोन हेल्मेट एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला की तो मान फिरवायचा. आयुष्य त्याच आवाजात गेलेला माणूस तो, पण आता त्याला तो ऐकवेना. डॉक्टरला सांगून टाकावं असं रोज वाटायचं, आणि संघ जिंकत होता म्हणून रोज राहून जायचं.

नोव्हेंबरमध्ये जुन्या वैऱ्यांशी सामना होता. मैदान खच्चून भरलेलं, सगळ्यांच्या तोंडातून वाफा. शेवटची काही मिनिटं उरली असताना प्रुइटने चेंडू फेकला आणि त्याच क्षणी दोघं त्याच्यावर कोसळले. त्याचं डोकं गोठलेल्या जमिनीवर आपटलं. तो उठला, स्वतःच्या पायांनी बाहेर आला, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. डॉक्टर लिंडक्विस्टने त्याला कडेच्या तंबूत नेलं.

स्ट्राउड तंबूच्या कापडाकडे बघत उभा राहिला. 

डॉक्टर बाहेर आला. "ऑगस्टइतकेच गुण आहेत. तेव्हाही दोन शब्द, आजही दोन. बाकी काही दिसत नाही. खेळू शकतो."

दोन शब्द. आजही पोरगा सोंग करतोय, की त्याच्यापाशी खरंच तेवढेच उरलेत? जगात कुणालाही ते सांगता आलं नसतं, आणि याला कारण स्ट्राउडची सही होती. 

प्रुइट हेल्मेट हातात घेऊन समोर आला. "मी तयार आहे, कोच."

"ठीक आहेस ना?"

"एकदम."

डोळे स्वच्छ, आवाज नेहमीचा. स्ट्राउडला विश्वास ठेवायचा होता. हा पोरगा आत गेला तर सामना हातात होता. समोरच्या फलकावर घराएवढे आकडे झळकत होते, वीस आणि सतरा.

"मग ऐक," स्ट्राउड म्हणाला. "आपण चार गुणांनी मागे आहोत."

तो थांबला. म्हण रे बाबा, तो मनात म्हणाला, म्हण एकदा.

"हो, कोच."

"तिकडे बघ. वीस-सतरा. चार गुणांनी."

प्रुइटने फलकाकडे नीट बघितलं, शहाण्या मुलासारखं. "चार. हो, कोच."

स्ट्राउडने त्याच्या हातातून हेल्मेट काढून घेतलं आणि पोटाशी घट्ट धरलं. "बस इथे," तो म्हणाला. प्रुइट बाकावर बसला. का, असंही त्याने विचारलं नाही, आणि स्ट्राउडला त्याची जास्त भीती वाटली.

तेवढ्यात ओसेई धावत आला. मधल्या जागेवर खेळणारा, प्रुइटच्या हातात चेंडू देणारा, त्याचा खोलीतला सोबती. "कोच, डॉक्टरने सोडलंय ना त्याला? द्या ते हेल्मेट. वेळ जातोय."

"ऑगस्टमध्ये तुम्ही सगळे मुद्दाम ढ झालात ना?"

ओसेईने मान खाली घातली. "सगळेच होतात, कोच. तुम्हाला माहीतच होतं की. तुम्ही हसलात, सही केलीत. आम्हाला वाटलं, तुम्ही आमच्यातले."

 स्ट्राउड वळून ओरडला, "डॉक्टर, इकडे या. त्या गुणांवर जाऊ नका, ते खोटे आहेत. ऑगस्टपासून खोटे आहेत आणि मला ठाऊक होतं. याला इस्पितळात न्या, आत्ता." डॉक्टर पळत आला, गुडघे टेकून प्रुइटच्या डोळ्यांत बघू लागला.

मग स्ट्राउड ओसेईकडे वळला. याने तर दुपारभर डोक्यानेच टकरा घेतल्या होत्या. "आपण चार गुणांनी मागे आहोत," तो म्हणाला.

"तीन," ओसेई म्हणाला. पुढचं सवयीने निघून गेलं. "कोच, जोर."

 हेल्मेट बाजूला ठेवून स्ट्राउड थंडगार गवतावर पालथा झाला आणि त्या एवढ्या लोकांसमोर जोर काढू लागला. वरून कुणीतरी हसलं. पंच शिट्टी फुंकत होता. ओसेई पुटपुटत मोजू लागला.

बाकावर बसलेला प्रुइट डॉक्टरच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"ओसेई," त्याने हळूच विचारलं, "कोच हे काय करताहेत?"