लाल टिकल्यांचा डबा

डबा जागेवर नव्हता.

सकाळी प्रयोगशाळेत आल्या आल्या तिने फ्रीझरचा खालचा कप्पा दोनदा उपसला, बोटं बधिर होईपर्यंत. आठव्या महिन्यातलं पोट सांभाळत, बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी तयार केलेले चोवीस नमुने त्या डब्यात होते. उद्या समितीपुढे ठेवायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. समितीला पटलं नाही, तर प्रकल्प बंद आणि तिची नोकरीही.

"मामा, लाल टिकल्यांचा डबा पाहिलात?"

तिथल्या मदतनीस मामांनी बादली खाली ठेवली. "लाल स्टिकरवालं सगळं काल काढलं की मी. लाल म्हणजे टाकायचं, हिरवं म्हणजे ठेवायचं. तुम्ही रजेवर होतात तेव्हा नियम लागला."

तिच्या लेखी लाल म्हणजे विषाणूच्या प्रयोगाचे नमुने, जपा. प्रत्येक नळीवर तिनेच एकेक टिकली चिकटवली होती. ती मटकन स्टुलावर बसली. रडावं म्हटलं, तर लेकीच्या दातांपायी चार रात्री जागलेल्या डोळ्यांत तेवढंही बळ नव्हतं.

"एवढं काय होतं त्यात?" मामांनी हळूच विचारलं.

"पेशीत एक पहारेकरी प्रथिन असतं, मामा. विषाणू घुसला की आरडाओरडा करणारं. आणि एक चक्की असते, नको झालेली प्रथिनं भरडणारी. ज्याच्या पाठीवर चिठ्ठी, त्याला ती भरडते. विषाणू पक्का लबाड. स्वतः काही कापत नाही. पेशीतल्या चिठ्ठ्या लावणाऱ्यांनाच हाताशी धरतो आणि पहारेकऱ्याच्या पाठीवर चिठ्ठी लावून घेतो."

"आणि चक्की काही विचारत नाही?"

"ती कशाला विचारेल? तिला चिठ्ठी दिसली, झालं."

मामा गोरेमोरे झाले. "मला बोलताय का, ताई?"

"नाही हो. टिकल्या माझ्याच ना." तिला दमलेलं हसू आलं. "काही नमुन्यांत मी औषध घालून चक्की बंद पाडली होती. तिथे पहारेकरी शाबूत दिसला असता, तर विषाणूची चोरी पकडली गेली असती."

मामा एकदम थांबले. "अहो, आपली चक्की पण बंदच आहे! ते वाफेचं यंत्र. त्यात शिजवल्याशिवाय कचरा बाहेर जात नाही, आणि झाकणाचं रबर गेलंय. पिशव्या सगळ्या मागच्या खोलीत पडून आहेत."

हातमोजे चढवून दोघांनी पिशव्या उघडल्या. तिसऱ्या पिशवीत डबा सापडला. बर्फाचं पाणी झालं होतं. नमुने आधीच उकळून निर्जीव केलेले होते, एक दिवस बाहेर राहिले तरी टिकायला हवेत. हवेत, असं ती स्वतःलाच बजावत राहिली आणि कामाला लागली. जेवणाचा डबा तिच्या खांद्याच्या पिशवीत तसाच राहिला.

संध्याकाळी पाचला पडद्यावर चित्र उमटलं; जिथे पहारेकरी प्रथिन उरलं असेल, तिथे रेघ. निरोगी पेशींच्या रांगेत काळी जाड रेघ. विषाणूच्या रांगेत काहीच नाही. विषाणू आणि औषध दोन्ही असलेल्या रांगेत एक फिकी रेघ. तिने वहीशी रांगा पुन्हा जुळवून पाहिल्या. रेघ होतीच.

"हाच तो पहारेकरी?" मामा वाकून बघत म्हणाले. "एवढासा?"

"एवढासाच."

"आणि वाफेचं यंत्र दुरुस्त करायला आला नाही म्हणून त्या मेकॅनिकला मी सकाळी नाही नाही ते बोललो. फोन करून सांगतो, बाबा, सावकाश ये."

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "पिल्लाला पाळणाघरातून आणलंय गं. दात वर आलाय, कणीएवढा. जेवलीस का?"

"हो," ती खोटंच म्हणाली.

"खोटारडी. ये लवकर."

निघण्याआधी ती नळ्यांवरच्या टिकल्या नखाने सोलत बसली. एकेक काढायची, हिरवी लावायची. पाय ठणकत होते. चोविसावी काही केल्या निघेना. मग तिने त्या लाल टिकलीवरच हिरवी दाबून बसवली आणि फ्रीझरचं दार लावलं.