चालत्या व्हा

यित्का आमच्याकडे राहायला आली त्या दिवशी मी तिला विचारलं, "इतका म्हणजे किती?" तिला तो विनोद कळला आणि ती मनापासून हसली. मला बरं वाटलं, कारण आमच्या घरात माझ्या विनोदाला हसायची पद्धत नाही. आमचे हे, नारायणराव, पेपरातून मान वर काढत नाहीत, आणि मुलगा अंशुल म्हणतो, "मम्मी, हिंदी में बोलो ना."

ती प्रागची. तिकडच्या विद्यापीठात मराठी शिकली, तीही सगळी पुस्तकातून, आणि माळव्यातली मराठी माणसं कशी बोलतात ते ऐकायला चार महिन्यांसाठी देवासला आली. आमची पुतणी अंकिता धारच्या कॉलेजात शिकवते, तिनेच हे जमवलं. वरची खोली रिकामी होती. मी आधी कुरकुर केली, कारण कुरकुर केल्याशिवाय मी कुठल्याच गोष्टीला हो म्हणत नाही.

तिची मराठी म्हणजे रेडिओवरच्या बातम्या. "मला किंचित पाणी मिळू शकेल काय?" असं मागायची. भाजीवाल्याला तिने "महोदय, हा भोपळा ताजा आहे काय?" विचारलं, तर त्या बिचाऱ्याने मागे वळून पाहिलं की महोदय कोण आलाय. मग कुठूनतरी आमच्याकडचा 'भिया', म्हणजे भाऊ, हा शब्द तिच्या हाती लागला. भाजीवाला भिया, रिक्षावाला भिया, नारायणरावही भिया. मलाही एक दिवस 'मालनभिया' म्हणाली. बाईमाणसाला भिया म्हणत नाहीत, असं सांगितलं तर म्हणाली, का? मी तिला मटार सोलायला बसवलं.

'का' हा तिचा लाडका शब्द. उशीर होऊन राहिला, असं मी म्हटलं की ती विचारणार, उशीर कुठे राहिला? पाहुणे आधी नको म्हणतात आणि मग दोनदा घेतात, ते का? मागच्या गल्लीतली राजाबाई जाता-येता "जेवलीस का?" विचारायची. आपण अशा वेळी हो म्हणून पुढे जातो. ही खरं उत्तर द्यायची, की नाही, अजून नाही, आणि राजाबाई तिला हाताला धरून आत न्यायची. पहिल्या आठवड्यात ती आमच्यापेक्षा राजाबाईकडेच जास्त जेवली.

मी तिच्यावर सारखी खेकसायची. चपला घालून स्वयंपाकघरात आली म्हणून, पोह्यांवर शेव घेत नाही म्हणून, ओल्या केसांनी पंख्याखाली बसते म्हणून. ती घाबरायचं सोडून रेकॉर्ड करायला फोन पुढे धरायची आणि म्हणायची, "मालनकाकू, पुन्हा म्हणा." खेकसलेलं पुन्हा कसं म्हणतात? पण मी म्हणायची. खरं सांगते, मला त्याची सवय लागली. इतकी वर्षं या घरात माझी मराठी फक्त भांड्यांनी ऐकली होती. आता कोणीतरी माझा शब्द न् शब्द उचलून घेत होतं. चार महिने पटकन संपतील, अशी धास्ती मला आत्तापासूनच वाटायला लागली होती.

मग एका रविवारी धारहून तात्यासाहेब आले, सोबत त्यांची थोरली बहीण अक्का. जुन्या दरबारी घरातली माणसं. माझे सासरे त्यांच्याकडे कारकून होते, त्यामुळे त्यांच्यासमोर आम्ही अजूनही जरा ताठ बसतो. गोऱ्या पोरीला मराठी येते हे त्यांनी ऐकलं होतं. अक्कांनी तिला विचारलं, "आपले तीर्थरूप काय करतात?" वडिलांना तीर्थरूप म्हणणारं माणूस तिला देवासात पहिल्यांदाच भेटलं. ती एवढी खुलली की मला थोडा हेवाच वाटला.

आधी माताजींच्या टेकडीवर दर्शनाला जायचं आणि येऊन जेवायचं, असं ठरलं. तात्यासाहेबांची गाडी दाराशी होती. सगळे उठले. यित्का मला मदत करायला स्वयंपाकघरात घुटमळत होती. मला वाटलं, आपणही पाहुण्याला मान देतो हे अक्कांना दिसू दे. म्हणून मी तिला कधी नव्हे ते अहोजाहो केलं आणि गोड हसून म्हटलं, "यित्काबाई, तुम्ही चालत्या व्हा आता."

तिने हातातली वाटी खाली ठेवली. मग "बरं" म्हणाली आणि वर गेली. मला वाटलं, पर्स आणायला गेली असेल. मी गॅस बंद केला, वरणावर झाकण ठेवलं, साडी बदलली आणि बाहेर आले. गाडीत तात्यासाहेब, अक्का आणि हे, असे तिघेच बसले होते. वर जाऊन पाहिलं तर अंथरूण नीट घडी केलेलं, उशीवर किल्ली आणि बॅग नाही. वरचा जिना मागच्या गल्लीत उतरतो. तिथे राजाबाई उभी होती. म्हणाली, "अगं, ती रिक्षात बसून बस स्टँडला गेली. जेवलीस का विचारलं, तर हो म्हणाली."

तात्यासाहेबांना गाडीत तसंच बसवून मी अंशुलच्या स्कूटरवर मागे बसले.

इंदूरची बस सुटण्याच्या बेतात होती. ती खिडकीशी बसली होती, बॅग मांडीवर. मी वर चढून विचारलं, काय झालं तुला? ती म्हणाली, "आपण मला पाहुण्यांसमोर घालवून दिलंत. मी वाईट वाटून घेत नाही. घर आपलं आहे."

"मी? कधी?"

"चालत्या व्हा, म्हणालात."

"हो, मग? गाडीत जाऊन बस, असं म्हटलं मी."

"पुस्तकात त्याचा एकच अर्थ आहे. ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही, त्याला तसं म्हणतात."

तिच्या पुस्तकाला मी मनात दोन शिव्या घातल्या. हिंदीत 'आप चलिए' म्हणतात ना, त्याचं आमच्या घरातलं मराठी ते हेच. सासूबाई तसंच म्हणायच्या, मीही म्हणते, आणि आजवर कोणी बॅग भरली नव्हती. हे सगळं मी तिला धापा टाकत सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण उठली नाही. डोळे पुसले आणि विचारलं, "मग तुम्हाला कोणाला खरंच घालवायचं असेल, तर काय म्हणता?"

अशा वेळीही पोरीचं विचारणं थांबेना. दूधवाल्याशी झालेलं, नणंदेशी झालेलं, अंशुलशी रोज होणारं, सगळी भांडणं मी आठवून पाहिली. त्यातलं एकही मराठीत झालं नव्हतं.

"हिंदीत म्हणतो गं," मी म्हटलं. "खरा राग आला ना, की आम्ही हिंदीतच भांडतो."

ती म्हणाली, "माझ्याशी तुम्ही हिंदीत कधीच बोलला नाहीत."

"नाही."

"चपलांच्या वेळीसुद्धा?"

"तेव्हाही नाही."

कंडक्टर मला विचारत होता, बाई, उतरना है कि चलना है? मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी कोणाची कधी मनधरणी करत नाही, नवऱ्याचीही केलेली नाही. पण त्या बसमध्ये, सगळ्यांसमोर, मी तिचा हात धरला.

"यित्का, तू गेलीस तर मी कोणाशी बोलू?"

ती उठली. बॅग मी घेतली. अंशुलला स्कूटरवर पुढे पाठवलं आणि आम्ही दोघी रिक्षात बसलो. बसल्या बसल्या माझं तोंड सुरू झालं. न सांगता घरातून जातात का? उपाशी पोटी खोटं हो म्हणतात का? अक्कांना मी आता काय सांगू? घर येईपर्यंत मी तिला झाडत होते. तिने फोन बाहेर काढला नाही, नुसती माझ्याकडे बघत ऐकत होती. आणि मी हिंदीचा एक शब्द मध्ये येऊ दिला नाही.