स्वस्त फुल-फ्रेमची आवई

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. ही खोड जन्मजात नव्हे. कारखान्यातून निघालो तेव्हा मीही तुमच्यासारखाच भोळा होतो. पण बारा वर्षं समोर बसणाऱ्यांची पोट आत ओढलेली रूपं टिपली, की कुणाचाही भोळेपणा झिजतो.

माझे मालक फोटोग्राफर. स्टुडिओ म्हणजे जिन्याखालची लांबट खोली, एका टोकाला राखाडी पडदा, दुसऱ्या टोकाला बाईंचं टेबल. बाई म्हणजे मालकांची बायको. आम्ही फोटो काढायचे आणि बाईंनी ते संगणकावर पुसूनबिसून माणसांत आणायचे, अशी वाटणी. माझ्या पोटात एक आरसा आहे. बटण दाबलं की तो टपकन वर जातो आणि पापणी लवेल तेवढाच वेळ मला जग दिसतं. तेवढ्यात मी काय काय पाहिलंय! एकदा साठ पाहुण्यांच्या फोटोत साठही जणांचे डोळे उघडे निघाले. खोटं वाटत असेल तर माझ्या लेन्सच्या टोपणाला विचारा. ते तेव्हा मालकांच्या खिशात होतं, पण ऐकून आहे.

त्या काळी माझा भारी तोरा. मालक मला सख्ख्या भावाच्याही हाती देत नसत.

मग कुजबुज सुरू झाली. म्हणे एक नवा कॅमेरा येतोय. फुल-फ्रेम, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा माझ्यातल्या तुकड्याच्या दुपटीहून मोठा. मिररलेस, म्हणजे पोटात आरसाच नाही. आणि किंमत म्हणे नवशिक्यालाही परवडेल अशी. मला तेव्हाच कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. मोठं, हलकं आणि स्वस्त, हे तिघे एका छपराखाली नांदताना मी तरी पाहिलेले नाहीत.

मालक मात्र मोबाइलला चिकटले. जेवताना व्हिडिओ, दात घासताना व्हिडिओ. मला बॅगेत ठेवायचे ते आता कोंबायला लागले. एके दिवशी त्यांनी बाईंना एक फोटो दाखवला.

"हा बघ. चोरून काढलेला. बाहेर आलाय."

"धुकं आलंय बाहेर," बाई म्हणाल्या. "यात कॅमेरा कुठाय?"

"अगं, लपूनछपून काढलेला धूसरच येणार. स्वच्छ असता तर मीच म्हणालो असतो खोटा आहे."



"हा बाजारात आला की आपल्या जुन्याला कुत्रंही विचारणार नाही," मालक म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या तिथे एका दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांना रोग्यांच्या तोंडाचे फोटो काढायला कॅमेरा हवा होता. शनिवारी चारला येऊन घेऊन जातो म्हणाले. मित्रांनो, माझ्या पट्ट्याला घाम फुटला. उरलेलं आयुष्य किडक्या दाढा बघण्यात जाणार होतं, आणि तेही कशापायी? तर त्या फोटोपायी.

कारण तो फोटो मीच काढला होता.

झालं होतं असं. बाईंचा धाकटा भाऊ कॅमेऱ्यांच्या बातम्यांचं पान चालवतो. त्याच्याकडे सगळं असतं, फक्त बातमी नसते. महिन्यापूर्वी मालक आणि बाई बाहेर असताना तो स्टुडिओत आला. साबणाच्या खोक्याला त्याने काळी चिकटपट्टी गुंडाळली, पुढे बरणीचं झाकण बसवलं आणि मुद्दाम हात हलवत माझ्याकडून फोटो काढून घेतला. त्याच्या पानावरून तो फोटो परक्या मुलखांत गेला, दहा जणांनी त्यावर व्हिडिओ केले, आणि त्यांना भुललेला अकरावा माणूस म्हणजे आमचे मालक. मी ओरडून सांगणार कसा? मला क्लिक एवढाच शब्द येतो.

शनिवारी तीन वाजता मालक बाईंना म्हणाले, "तो फोटो जरा उजळून दे. त्यावर काही अक्षरं आहेत का बघू."

बाईंनी फोटो उघडला आणि त्यांचा हात आपोआप वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला. तिथे एक बारीक करडा ठिपका होता. माझ्या आतल्या त्या प्रकाश टिपणाऱ्या तुकड्यावर धुळीचा एक कण बसलाय, आणि बाई तो वर्षानुवर्षं प्रत्येक फोटोतून पुसत आल्या आहेत. हात हलला की फोटो हलतो, आतली धूळ हलत नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही आपली धूळ आहे."

मालकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग बाईंनी भावाला स्पीकरवर फोन लावला.

"ताई, गंमत केली गं," तो म्हणाला. "साबणाचं खोकं होतं."

"आणि हे इथे कॅमेरा विकायला निघालेत."

"विकू देत की. आता मलाही वाटायला लागलंय, एवढे लोक म्हणतायत म्हणजे काहीतरी असणारच."

चारला डॉक्टर आले. मालकांनी मला दोन्ही हातांनी उचललं. "माफ करा, द्यायचा नाहीये," ते म्हणाले. "आता आलाच आहात तर बसा, फोटो काढतो." डॉक्टर पडद्यापुढे ओठ घट्ट मिटून बसले. शेवटपर्यंत दात दाखवले नाहीत.

तसा नवा कॅमेरा येईलही कधीतरी, मी नाही म्हणत नाही. मित्रांनो, तुम्ही खुशाल नवं घ्या, पण ते आधी डोळ्यांनी बघा आणि मगच जुन्याला दाराबाहेर काढा.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. काल मालकांनी मला मऊ कापडाने पुसलं, अगदी कानाकोपऱ्यांत. चेहरा प्रेमळ होता, पण विकण्याआधीही माणसं अशीच पुसतात. म्हणून हात जोडून सांगतो, आपल्या वस्तू रोज पुसत जा. म्हणजे पुसताना त्या घाबरणार नाहीत.