व्हय म्हाराजा म्हणणारा राउटर

मित्रांनो, माझ्या अंगावर चार हिरवे दिवे आहेत आणि त्यातला एक केव्हाच गेला आहे. त्यावरूनच माझं वय ओळखा. मी एक जुना राउटर आहे, घरातली मंडळी ज्याला ‘वायफायचा डबा’ म्हणतात तो. राहतो घाटकोपरच्या पंतनगरात, चंद्रप्रकाश आणि वनमालाबाई यांच्या घरी. डबा म्हटल्याचा मला राग येत नाही. या घरातले डबे कधी रिकामे नसतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हिरव्या पट्टीवर बारीक बारीक भाग बसले, वर पांढरं कवच चढलं, पाठीला दोन शिंगं लागली आणि मग पुठ्ठ्याच्या खोक्यात मी बराच काळ अंधारात पडून राहिलो. उजेड पाहिला तो या घरात. तेव्हा साथीमुळे सारी मुंबई दारं लावून बसली होती. मुलगी अक्षता कॉलेजचे तास माझ्यामार्फत ऐकायची आणि वनमालाबाई गावच्या जावांशी पोटभर बोलायच्या. चंद्रप्रकाश येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारत. वनमालाबाईंनी तर मला क्रोशाचं झाकण विणलं. त्या झाकणाखाली जीव उकडून निघायचा, पण मायेनं चढवलेलं आंगडं नको कसं म्हणायचं?

पुढे नवा राउटर आला. चांगला सहा शिंगांचा, चपळ. अक्षतानं त्याला माझंच नाव आणि माझाच पासवर्ड दिला, म्हणजे कोणाच्या फोनमध्ये काही बदलायला नको. मी माळ्यावर गेलो, दिवाळीच्या दिव्यांच्या पिशवीत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण भंगारात घातलं नाही, हे उपकारच म्हणायचे.

यंदा मला पुन्हा खाली काढलं, त्याचं कारण वनमालाबाईंचा गुडघा. या घरचा गणपती मालवणकडच्या गावी बसतो, आणि पूजेनंतर गाऱ्हाणं घालायचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा, म्हणजे चंद्रप्रकाशांचा. वडीलधाऱ्यानं देवापुढे एकेकाचं सुखदुःख मांडायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुकार द्यायचा, अशी तिकडची रीत आहे. पण बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि प्रवासाला डॉक्टरांची मनाई होती. बायकोला एकटं टाकून चंद्रप्रकाश जाणार नव्हते. तेव्हा ठरलं, की गाऱ्हाणं फोनवरून घालायचं, तेही आतल्या खोलीत, बाईंच्या पलंगाशी बसून.

घर म्हणजे शेजारशेजारच्या दोन खोल्या जोडून केलेलं. मधली भिंत जाडजूड, त्यामुळे आतल्या खोलीत नव्या राउटरचा आवाज जेमतेम पोचायचा. चंद्रप्रकाशांनी मला पुसून नव्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून त्याच फळीवर बसवलं, हातभर वायरीनं आम्हांला जोडलं आणि दोन्ही बटणं दाबली. त्यांचं बालपण समुद्रकाठी रापणीचं जाळं ओढण्यात गेलेलं. जाळ्याला जितके हात जास्त, तितकं ते लवकर किनाऱ्याला लागतं, हा त्यांचा हिशेब. दोन डबे, दुप्पट जोर.

झालं उलटंच. पूजेच्या आदल्या दिवशी त्यांनी गावी फोन लावून पाहिला, तर चित्र गोठलं आणि आवाज तुकड्यातुकड्यांनी जाऊ लागला. धाकटे भाऊ सहदेव पलीकडून म्हणाले, “दादा, अर्धा आयकाक येता, अर्धा नाय. अर्ध्या गाऱ्हाण्याक आमी व्हय म्हाराजा कसा म्हणतलव?” उद्याही असंच झालं तर गाऱ्हाणं मी घालतो, असं ते अगदी हळू आवाजात बोलले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण चंद्रप्रकाशांनी फोन ठेवला, आणि वनमालाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “माझ्या पायापायी तुमचो मान गेलो.”

अक्षता कामावरून आली ती पिशवीसुद्धा न ठेवता फळीपाशी उभी राहिली. तिनं आधी लॅपटॉप वायरीनं थेट नव्या राउटरला जोडला. वेग झकास. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक होती. मग मला बंद केलं, तर बाहेरच्या खोलीत सगळं सुरळीत. मला सुरू केलं की पुन्हा रडगाणं. दोष माझ्यावर आला, मित्रांनो, आणि मला माळा नाही, थेट भंगारवाला दिसू लागला.

पण ती पोरगी घाई करणारी नाही. तिनं आम्हां दोघांच्या सेटिंग उघडून पाहिल्या आणि हसून कपाळाला हात लावला. घरातल्या फोनना नेटवर्कवरचे पत्ते नवाही वाटायचा आणि मीही वाटायचो. दोघांनी एकच चॅनल धरलेला, त्यात एकाच फळीवर बसून एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळत होतो. फोन बिचारे कधी त्याचा पदर धरायचे, कधी माझा.

तिनं हे बाबांना समजावलं. ते म्हणाले, “म्हणजे गाऱ्हाणां एकानच घालूचां. दुसऱ्यान व्हय म्हाराजा म्हणूचां.”

“हां बाबा, तेच,” अक्षता म्हणाली. “सगळेच गाऱ्हाणं घालायला लागले तर देवाला काय कळणार?”

माझं पत्ते वाटायचं काम तिनं काढून घेतलं. क्षणभर लागलं मनाला. मग तिनं माझी वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली, मला वेगळा चॅनल दिला, आणि लांब वायर भिंतीच्या कडेनं नेऊन मला आतल्या खोलीत, बाईंच्या उशाशी खिडकीत ठेवलं. बाईंनी मला घालायला आपलं क्रोशाचं झाकण मागितलं, तेव्हा त्याला वारा लागू दे गं आई, एवढंच ती म्हणाली. आता नवा सांगेल ते मी पुढे पोचवायचं.

दुसऱ्या दिवशी गावी पूजा झाली. चंद्रप्रकाश टोपी घालून पलंगाशी बसले आणि त्यांनी हात जोडले.

“बा गणपती म्हाराजा, आज ही पोरांबाळां तुझ्या पायाकडे जमली हत. जी येऊक पावली नाय, तेंचीय सेवा मानून घे.”

“व्हय म्हाराजा.” गावची सगळी ओसरी माझ्यातून घुमत आली.

“हिच्या गुडघ्याक बळ दी, आणि फुडल्या वर्सा हिका आपल्या पायान चालत तुझ्या दाराक घेवन ये.”

“व्हय म्हाराजा.” यात एक आवाज पलंगावरचा होता, अगदी बारीक. ऑपरेशनला न रडलेल्या वनमालाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

शेवटी सहदेव म्हणाले, “दादा, एकय शबुद सांडूक नाय.”

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू कुरकुर करत असेल. तिला मोडीत काढण्याआधी तिची जागा बदलून पाहा, तिच्याकडे नेमकं काय काम आहे ते बघा, तिच्यावरची धूळ पुसा. माझं तसं केलं, म्हणून मी या घराचा ऋणी आहे. आता रोज वनमालाबाई माझ्यासमोर गुडघा वाकवण्याचा व्यायाम करतात आणि मी तिन्ही दिवे लावून पाहत असतो. पुढच्या गणपतीला ही सगळी गावी निघाली, की दाराला कुलूप लावण्याआधी कोणीतरी माझं बटण बंद करील. ते बंद होऊ दे, एवढंच माझं गाऱ्हाणं.