ताईच्या कमरेचं माप

मी एक जुना टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात असतो ना, तोच. साठ इंचांचा, एकेकाळी पिवळाधमक. मित्रांनो, खोटं बोलणं मला जमत नाही, आणि माझ्यावर आळ आला तो नेमका खोटेपणाचा.

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, दोन्ही टोकांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या आणि मी थेट ताईच्या गळ्यात पडलो. ताई मास्तरांच्या दुकानात कापड बेतायची. मास्तर म्हणायचे, "हिचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" मग माझीही छाती फुगायची. अशी बारा वर्षं गेली.

पुढे ताईच्या अंगावरून फार जाऊ लागलं. महिन्यातले दहा-दहा दिवस. चेहरा पांढराफटक पडायचा, ती टेबलाला धरून उभी राहायची. हात बारीक होत होते, पोट तेवढं वाढत होतं. तिने स्वतःच्या कपड्यांच्या शिवणी उसवून सैल केल्या. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी एका दुपारी पडद्याआड जाऊन तिने मला कमरेभोवती गुंडाळलं. बत्तीसची कंबर छत्तीस भरली होती. तिची बोटं गार पडलेली मला कळली.

"मेला टेपच ताणलाय," ती म्हणाली आणि मला ड्रॉवरमध्ये फेकलं.

आत मोडक्या सुया आणि खडूचे तुकडे होते. बाहेरून तिचं कण्हणं ऐकू यायचं. मला फार भीती वाटायची. ताईला काहीतरी होतंय हे मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

तिने नवा टेप आणला. एकदा मास्तरांना खडू हवा होता, म्हणून त्यांनी ड्रॉवर उघडला. "याला का टाकलंस गं?" ताईने मान खाली घालून सगळं सांगितलं. मास्तरांनी मला आणि नव्या टेपला शेजारी धरलं. मी खरोखरच जरासा लांब झालो होतो.

"अगं, ताणलेला टेप माप कमी दाखवतो. जास्त नाही! एवढंही विसरलीस?"

ताई स्टुलावर बसली. "विसरले नाही, मास्तर. भीती वाटते हो. काही वाईट निघालं तर?"

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या जावेला घेऊन दवाखान्यात गेली. तिने मला ड्रॉवरमधून काढून पुन्हा गळ्यात घातलं होतं, आणि सवयीने मी तिथेच राहिलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गर्भाशयात तीन गाठी आहेत. कॅन्सरच्या वाटत नाहीत. औषधाने रक्तस्राव आटोक्यात ठेवता येतो, गाठींचा रक्तपुरवठा बंद करता येतो, नुसत्या गाठी काढता येतात किंवा पूर्ण गर्भपिशवी."

"काढून टाक बाई पिशवी," जाऊ म्हणाली. "मी काढली, सुटले बघ."

"तुम्हाला मूल हवंय?" डॉक्टरबाईंनी ताईलाच विचारलं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. 'कधी' असं सगळ्यांनी विचारलं होतं, 'हवंय का' असं कोणीच नाही. ताईने मला मुठीत गच्च आवळलं.

"हवंय."

"मग नुसत्या गाठी काढू. आधी गोळ्यांनी रक्त वाढवू. पण गाठी परत येऊ शकतात. आणि ऑपरेशनमध्ये रक्त थांबलंच नाही, तर जीव वाचवायला पिशवी काढावी लागेल. क्वचितच होतं, पण सांगायला हवं."

"मी कापडसुद्धा दोनदा मोजून कापते," ताई म्हणाली. "दोन दिवस द्या." तिने आणखी एका डॉक्टरांना विचारलं, नवऱ्याशी बोलली आणि मग सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी तिने मला नवऱ्याच्या हातात दिलं. तो मला बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. तीन तास! माझ्या टोकाकडचे कितीतरी आकडे त्या दिवशी पुसले गेले. दार उघडलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन्ही ठीक आहेत. त्याही आणि पिशवीही." त्याने मला डोळ्यांना लावलं. मी चिंब भिजलो.

आता मी त्यांच्या घरी आरशाजवळच्या खिळ्याला असतो. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी मुकाट्याने कपडे सैल करत असेल, पोट धरून बसत असेल, तर जवळ जाऊन विचारा. टेप ड्रॉवरमध्ये टाकला म्हणून पोट लहान होत नाही.

दर महिन्याला ताई मला कमरेभोवती धरते आणि श्वास रोखते. वर्षभर बत्तीस भरत होतं. आज तेहेतीस भरलं. गाठ असेल की बाळ, मला ठाऊक नाही. तिची बोटं पुन्हा गार पडली. पण या वेळी तिने मला खोटं ठरवलं नाही. मला कमरेवरून काढून गळ्यात घातलं आणि तिने दवाखान्यात फोन लावला.