दोन ताटं

“मम्मी, हिचा लाडू मोठा हाय!” सुंदरी ओट्याला लोंबकळत ओरडली.

त्रिशलानं दोन तळव्यांवर शेंगदाण्याचे लाडू ठेवून दाखवले. अगदी सारखे. धाकट्या सुंदरीत आणि थोरल्या ब्राह्मीत तिळाएवढाही दुजाभाव नको, म्हणून ती दुधाचे पेलेसुद्धा शेजारीशेजारी धरून बघायची. ‘आईनं तुलाच जास्त दिलं’ एवढं सुनावून तिनं कराडच्या बहिणीशी बोलणं तोडलं होतं. पोरींचंही तसंच झालं तर?

“सारकं पंच कशाला हुतीस?” सासूबाई म्हणाल्या. “तुजं बघूनच त्या मोजाय शिकल्या.”

उन्हं उसाच्या शेंड्यांवर आली. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, हा त्यांच्या जैन घरचा नेम. नेमका तेव्हाच ब्राह्मीच्या हातून सुंदरीचा खडू मोडला. सुंदरी भोकाड पसरून आतल्या खोलीत पळाली, चादर ओढून पडली.

“कुणी सुरुवात केली?” त्रिशला उठलीच.

सासूबाईंनी तिचा हात धरला. “बस. आज जाऊ नगं.”

ती बसली. बसवत नव्हतं.

ब्राह्मी ताट सोडून दाराशी गेली. “सुंदे, चल की. दिवस चाललाय.”

“न्हाई येत, जा!”

“मग मी बी जेवत न्हाई.”

“नको जेवू!”

ब्राह्मी दाराशीच बसली, ताट तसंच राहिलं. सूर्य उसाआड गेला.

“आत्ती, पोरी उपाशी झोपायच्या!” त्रिशला सासूबाईंना म्हणाली.

“लेकरांस्नी कसला नेम? दूध दे जा.”

त्रिशला पेले घेऊन गेली. ब्राह्मीनं मान हलवली. “आदी तिला विचार.”

चादरीतून बारीक आवाज आला, “ताई पिली तर मी पिनार.”

त्रिशलानं दोन्ही पेले दोघींच्या मधे ठेवले. हे कुणी शिकवलं यांना? तिनं तर नाही.

सकाळी कोवळं ऊन ओट्यावर आलं होतं. तिनं मांडून ठेवलेल्या दोन ताटांतलं एकच खाली घेऊन दोघी बसल्या होत्या. सुंदरीनं लाडू फोडला. एक तुकडा चांगलाच मोठा निघाला. त्रिशला मधे पडायला निघाली.

सुंदरीनं तोच पुढं केला. “ताई, तू मोठी. तुला भूक मोठी.”

“येडी,” म्हणत ब्राह्मीनं त्यातला निम्मा तिच्या तोंडात कोंबला. दोघी खिदळल्या. भुगा ताटभर सांडला.

त्रिशला उंबऱ्यातच थांबली. देवळात शिरताना जशी पावलं आपोआप हळू पडतात, तशी. आईनं जास्त दिलं तेव्हा कराडच्या बहिणीची भूकच मोठी होती का, हे तिनं आजवर विचारलंच नव्हतं.

ओट्यावरचं दुसरं कोरं ताट तिनं उचललं आणि आवाज न होऊ देता फळीवर परत ठेवलं.