जेवणाच्या सुट्टीतला आकडा

मित्रांनो, मी एक जुना आवाजमापक आहे. पंज्याएवढा देह आणि डोक्यावर काळ्या स्पंजचा गोळा. माझी गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो.

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात माझा थाट मोठा होता. कारखाना हवा-पाणी स्वच्छ ठेवतो का, कामगारांची काळजी घेतो का, हे कंपनीचेच तपासनीस दरवर्षी तपासत आणि त्याचा गुळगुळीत अहवाल छापला जाई. आवाज मोजायचे काम माझे. आकडा पंच्याऐंशी डेसिबलच्या वर गेला, तर कामगारांना कान झाकायला इअरमफ द्यावेच लागत.

आमचे तपासनीस साहेब भले गृहस्थ, पण गोंगाटाने त्यांचे डोके उठे. म्हणून ते मला जेवणाच्या सुट्टीत बाहेर काढत. मशीन बंद, पंखा तेवढा फिरतोय. मी इमानेइतबारे दाखवी, अठ्ठावन्न. साहेब खूश, मीही खूश. अशी सात वर्षे गेली.

मोठ्या प्रेसवर एक काका होते. ते दरवर्षी म्हणत, "साहेब, कान गच्च होतात हो. कानाला काहीतरी द्या."

साहेब मला त्यांच्यापुढे धरत. "काका, यंत्र खोटं बोलतं का?"

काका जेवणाचा डबा उघडत. तेव्हा मला फार वाईट वाटले, असे सांगायला आवडले असते. पण खरे सांगतो, मला काहीच वाटले नाही.

साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक ताई आल्या. जुने कागद चाळताना त्या थबकल्या. "दरवर्षी पाऊण वाजताच? तेव्हा तर सगळे जेवायला बसतात."

त्यांनी मला भर कामात प्रेसपाशी नेले. मशीन धाडकन आदळले. एकशे तीन. पुन्हा आदळले, पुन्हा एकशे तीन. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आठवड्याच्या आत सगळ्यांना इअरमफ मिळाले. ताई काकांची माफी मागायला गेल्या. मी त्यांच्या हातातच होतो. मशीन बंद होते, शेडमध्ये सामसूम होती.

"काका, चूक आमची झाली."

काकांनी कानामागे हात धरला. ताईंनी पुन्हा सांगितले, मोठ्याने. काका ओशाळून हसले.

"लिहून द्या ना ताई. आता एवढं ऐकू येत नाही."

ताईंनी माझ्याच आकड्यांच्या कागदामागे माफी लिहून दिली.

मित्रांनो, कुणाचा त्रास मोजायला निघालात, तर तो चालू असताना जा. माझा एकही आकडा खोटा नव्हता, आणि काकांचे कान गेले.